जळजळ थांबेपर्यंत

माझे अक्षर चांगले आहे. शाळेत फळ्यावर रोजचा सुविचार लिहिण्याचे काम माझ्याकडे असे; तो वाचून दाखवण्याचे काम मात्र दुसऱ्या कुणाला तरी द्यावे लागे. वर्गात उभे राहून चार वाक्ये बोलायची म्हटले की माझा घसा कोरडा पडे. पुढे महाविद्यालयात, सूक्ष्मजीवशास्त्राच्या तोंडी परीक्षेत, एका प्रश्नाचे उत्तर मी समोरच्या कागदावर लिहून परीक्षकांकडे सरकवले होते. ते हसले आणि त्यांनी मला पास केले. आज सत्तरी गाठल्यावर मी प्रथमच स्वतःविषयी काही लिहायला बसलो आहे, तेही बोलता आले नाही म्हणूनच. सांगायचे आहे ते थोडे आहे. एका माणसाला मी एक वाक्य सांगायला हवे होते. ते सांगितले नाही, आणि त्याच्या अगदी विरुद्ध वाक्य सुंदर अक्षरात लिहून त्याच्या हाती दिले.

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मी कतारमध्ये, दोह्याला आलो. एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञाची नोकरी होती. राहायला फरीज बिन ओमरान नावाच्या वस्तीत एका बैठ्या घराच्या मागच्या दोन खोल्या होत्या, आणि त्या आम्ही तिघांनी घेतल्या होत्या. एक माण तालुक्यातले, चाळिशी ओलांडलेले, पाण्याचा टँकर चालवणारे. त्यांना मी दादा म्हणत असे. दुसरा मालवणकडचा पाइप-फिटर, माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठा, जिभेला हाड नसलेला. त्या दोघांची घरे गावाकडे होती, माझे लग्न व्हायचे होते. मी रुग्णालयात काम करतो एवढ्यावरून दोघे मला पहिल्या दिवसापासून ‘डॉक्टर’ म्हणू लागले. मी डॉक्टर नाही, हे मी त्यांना एकदा सांगितले. पुन्हा सांगितले नाही.

स्वयंपाकघरातल्या फळीवर दुधाच्या पावडरीचा एक रिकामा डबा होता. त्यात औषधे असत. हा डबा आमच्या आधी तिथे राहून गेलेल्या माणसांपासून चालत आला होता, आणि असा डबा आपल्या लोकांच्या बहुतेक खोल्यांत असे. रजेवरून परत येणारा माणूस लोणचे, मसाला, पापड आणि गावातल्या औषधाच्या दुकानातून डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळालेल्या गोळ्या-कॅप्सूल घेऊन येई. ज्याला लागतील तो त्या घेई, आणि बरे वाटले की उरलेल्या परत डब्यात टाकी. उरलेले औषध फेकून देणे हे उरलेले अन्न फेकून देण्यासारखे समजले जाई. पुढच्या माणसाला उपयोगी पडेल, एवढाच त्यामागचा विचार असे, आणि तो चांगल्या माणसांचा विचार होता. मला हे आवर्जून लिहावेसे वाटते, कारण पुढे जे घडले त्यात कुणाचीही हाव नव्हती आणि कुणाचा आळसही नव्हता.

एका शुक्रवारी, सुट्टीच्या सकाळी, फिटरने तो डबा आणून माझ्यासमोर वर्तमानपत्रावर उपडा केला.

“डॉक्टरांनू, ह्यातली खोकल्याची खंयची आणि पोटाची खंयची, ता एकदा सांगून टाका. परवा मी खोकल्याची म्हणान खाल्लंय आणि दिसभर संडासाच्या दारात बसलंय.”

“आरं, तोंडानं डाक्टर म्हनतोयस आन् संडासाच्या गोष्टी सांगतोयस व्हय त्यास्नी,” दादा म्हणाले.

“मगे? तेंचा कामच ता. रोज सकाळी लोकांचा मूत तपासतत. माझ्या संडासाक कशाक लाजतले?”

मी लाजलो होतोच. पण मला आतून फार बरेही वाटले होते, हे कबूल केले पाहिजे. तोवरच्या आयुष्यात कुणी माझ्यापुढे काही उपडे करून ‘तुम्ही सांगा’ असे म्हटले नव्हते. मी दोन तास बसून त्या औषधांची वर्गवारी केली. ज्यांची मुदत संपली होती ती बाजूला काढली. प्रयोगशाळेतून खाकी कागदाची लहान पाकिटे आणली होती. तापाचे, खोकल्याचे, जुलाबाचे अशी ती वेगवेगळी भरली आणि प्रत्येकावर टाक बुडवून लिहिल्यासारख्या वळणदार देवनागरीत सूचना लिहिल्या. एक पाकीट लघवीच्या जळजळीचे होते. त्यात अँपिसिलिनच्या बारा कॅप्सूल होत्या.

त्या पाकिटाशी मी थांबलो. “हे औषध सात दिवस घ्यावे लागते,” मी म्हणालो. “दिवसाला चार. अठ्ठावीस कॅप्सूल लागतात.”

“अठ्ठावीस?” फिटरने बारा कॅप्सूलकडे पाहिले. “म्हणजे एकट्यान मुतायचा आणि बाकीच्यांनी बघीत रवायचा?”

“पोट भरल्यावर कोन जेवत बसतंय का?” दादा शांतपणे म्हणाले. “दुखनं गेलं की गोळी बंद. ऱ्हायलेली दुसऱ्याला व्हत्यात.”

सात दिवस का, हे मला माहीत होते. औषध सुरू झाले की आधी दुबळे जंतू मरतात, आणि जळजळ थांबते ती तेवढ्यानेच. चिवट जंतू मागे असतात. त्यांना संपवण्यासाठी उरलेले दिवस असतात. ते दिवस गाळले तर शरीरात चिवटांचीच पैदास शिल्लक राहते, आणि पुढच्या वेळचे दुखणे त्यांचेच असते. हे मी महाविद्यालयात शिकलो होतो आणि परीक्षेत लिहूनही आलो होतो. त्या सकाळी ते पाच वाक्यांत सांगता आले असते. समोर दोनच माणसे होती आणि दोघेही मला मान देत होते. तरीही मी पेनाचे टोपण काढले. वाद घालण्याचे धैर्य नव्हते, असे म्हटले तर ते सौम्य होईल. त्यांनी मला नुकतेच काहीतरी विचारले होते, आणि मला ते विचारत राहायला हवे होते. मी पाकिटावर लिहिले: ‘लघवीची जळजळ. सकाळ, दुपार, संध्याकाळ, झोपताना एकेक. जळजळ थांबेपर्यंत.’

दादांची शाळा चौथीत सुटली होती. त्यांनी पाकीट हातात घेऊन एकेक अक्षर लावत वाचले. “ज-ळ-ज-ळ थां-बे-प-र्यं-त. ब्येस! असं लिहिलेलं आसलं की मानूस चुकत न्हाई.”

पुढे फिटरच्या ओळखीच्या एकाने अल वक्रा गावातल्या त्यांच्या खोलीसाठी तशीच पाकिटे माझ्याकडून लिहून नेली. मग आणखी एकाने. मी ती दर वेळी तेवढ्याच काळजीने लिहिली.

दादा शहराबाहेर मुऐदरच्या बाजूला बांधकामांवर आणि व्हिलांच्या टाक्यांत गोडे पाणी पोहोचवीत. टँकर भरण्याच्या ठिकाणी मोठी रांग असे. गाडी सोडून कुणी खाली उतरला आणि तेवढ्यात रांग सरकली, तर मागचे भोंगे वाजवत पुढे घुसत आणि त्या माणसाचा नंबर जाई. म्हणून दादा पाणी पीतच नसत. पाठीमागे हजारो लिटर पाणी आणि पुढे काच तापवणारे ऊन, अशा अवस्थेत ते सकाळपासून दुपारपर्यंत बसत. घरातून नेलेली पाण्याची बाटली तशीच परत येई. “पानी प्यालं की उतरावं लागतं,” ते म्हणत. “उतरलं की नंबर गेला.” गावाकडे असताना त्यांना एकदा मुतखडा झाला होता. तो पडून गेला, असे ते सांगत. मी ते ऐकून घेतले होते.

त्यांना जळजळ सुरू झाली ती माझी पाकिटे तयार झाल्यानंतर महिन्याभरात. दोन दिवस कॅप्सूल घेतल्या, आणि तिसऱ्या सकाळी मोरीतून बाहेर येत त्यांनी जाहीर केले, “खलास! नळ सुरू झाला.” उरलेल्या चार कॅप्सूल त्यांनी मोजून पाकिटात टाकल्या आणि पाकीट डब्यात ठेवले. ते ठेवताना त्यांच्या चेहऱ्यावर एखादे दान केल्यासारखे समाधान होते. सहा महिन्यांनी पुन्हा तेच झाले. मधल्या काळात कुणीतरी रजेवरून येताना आणखी कॅप्सूल आणल्या होत्या. तिसऱ्या वेळी कॅप्सूलनी गुण यायला चार दिवस लागले. चौथ्या वेळी गुण आला नाही, तेव्हा मी त्यांना दुसऱ्या पाकिटातल्या सल्फाच्या गोळ्या दिल्या. त्या पाकिटावरही शेवटचे वाक्य तेच होते.

दिवसभर मी जे काम करी ते असे होते. लघवीच्या नमुन्यातला एक थेंब तारेच्या कडीने जंतू वाढवण्याच्या प्लेटवर पसरायचा. दुसऱ्या दिवशी जंतूंचे गुलाबी ठिपके उगवले की ते दुसऱ्या प्लेटवर सर्वत्र सारखे पसरायचे आणि त्यावर कागदाच्या सहा टिकल्या ठेवायच्या. प्रत्येक टिकलीत एक औषध भिजवलेले असे. तिसऱ्या सकाळी प्लेट उजेडाकडे धरायची. औषध लागू असेल तर टिकलीभोवती स्वच्छ, मोकळे वर्तुळ दिसे, कारण तिथे जंतू वाढू शकलेले नसत. औषध निकामी असेल तर जंतूंची साय टिकलीच्या कडेपर्यंत येऊन भिडलेली असे. मी आलो तेव्हा अँपिसिलिनच्या टिकलीभोवतीची वर्तुळे मोठी, पाहतच राहावे अशी असत. दोन-तीन वर्षांत ती आखडत गेली. मग काही प्लेटांवर ती दिसेनाशी झाली, विशेषतः जे नमुने आमच्यासारख्या एकट्या पुरुषांच्या वस्त्यांतून येत, त्यांच्या प्लेटांवर. नंतर सल्फाच्या टिकलीचेही तेच होऊ लागले.

हे सगळे माझ्या डब्यातून निघाले, असे म्हणण्याचा अहंकार मी करणार नाही. ते तेव्हा जगभर चालले होते, हे मी नंतर वाचले. पण प्लेटा मी वाचत होतो आणि पाकिटे मी लिहीत होतो. या दोन गोष्टी एकाच हाताने होत होत्या आणि त्या एकमेकींना कधी भेटू नयेत अशी व्यवस्था मी मनात केली होती.

विभागप्रमुख सुदानचे होते. उंच, हळू आवाजात बोलणारे, हाताखालच्या माणसाला कधी लागेल असे न बोलणारे. दर गुरुवारी ते आम्हा सहा जणांना टेबलाभोवती बसवून प्रत्येकाला विचारत, काही सांगण्यासारखे आहे का. मी एका कागदावर वर्तुळे काढून ठेवली होती: पूर्वी केवढी, आता केवढी. तो कागद मी तीन गुरुवार खिशात घेऊन गेलो. माझी पाळी आली की मी म्हणे, “नथिंग, डॉक्टर.” चौथ्या आठवड्यात तो पँटसोबत धुतला गेला. खरे सांगायचे तर मला त्या कागदाची भीती नव्हती. कागद पाहिल्यावर ते जो प्रश्न विचारतील त्याची भीती होती: ही माणसे औषधे आणतात कुठून?

ऐंशीच्या दशकाची पहिली दोन-तीन वर्षे अशी गेली. मग एका जुलैत दादा भर दुपारी टँकर उभा करून घरी आले. मी त्या दिवशी लवकर सुटलो होतो. त्यांचे दात एकमेकांवर आपटत होते. त्यांनी वातानुकूलन यंत्र बंद करायला लावले आणि दोन पांघरुणे अंगावर ओढली. बाहेर ऊन असे होते की नळाचे पाणी हाताला सोसत नव्हते.

“ह्या उन्हात थंडी?” फिटर म्हणाला. तो थट्टा करायला गेला होता. पण दादांचा चेहरा पाहून त्याचा आवाज बदलला. “डॉक्टरांनू, ह्येंका हास्पिटलात घेऊन जाऊया.”

“डब्यात बघा की,” दादा पांघरुणातून म्हणाले. “तुमी दिलं की गुन येतो.”

कमरेत, डाव्या बाजूला, त्यांना हात लावू देववत नव्हता. हे लघवीच्या मार्गापुरते राहिलेले नाही, मूत्रपिंडापर्यंत गेले आहे, हे समजण्यासाठी डॉक्टर असण्याची गरज नव्हती. मी उठलो आणि डबा काढला. सल्फाच्या गोळ्या संपल्या होत्या; अँपिसिलिनचे पाकीट भरलेले होते. मी त्यांना दोन कॅप्सूल दिल्या, आणि दुसऱ्या दिवशी चार, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी एक. ती त्यांनी ओकून टाकली. त्या दिवशी फिटरने कामावर न जाता मित्राची गाडी आणली आणि मला न विचारता त्यांना आमच्याच रुग्णालयात नेले.

संध्याकाळी मी वॉर्डात गेलो तेव्हा दादा थोडे सावध होते. मला पाहून त्यांनी खुणेने जवळ बोलावले.

“डाक्टर, काळजी करू नगा. तुमचं नाव न्हाई काढलं. त्यांनी इचारलं, आदी काय गोळ्या घेतल्या का. म्या म्हटलं, नो टॅबलेट, नो. येकबी न्हाई.”

“दादा, सांगायला हवं होतं तुम्ही.”

“कशापायी? तुमची नोकरी जायाची. लोकांचं बरं करायला गेला, आन् तुमच्यावरच यायचं.”

खाटेच्या पायथ्याशी तक्ता लटकत होता. मी तो पाहिला. आधी काही औषध घेतलेले नाही, अशी नोंद होती. आणि उपचार म्हणून अँपिसिलिनची इंजेक्शने सुरू केली होती. ज्या माणसाने आधी काही घेतलेले नाही त्याच्यासाठी तेव्हा तेच योग्य होते. कोणाही डॉक्टरने तेच दिले असते.

नमुना माझ्या टेबलावर यायला, उगवायला, टिकल्या ठेवायला आणि वाचायला तीन दिवस लागणार होते. तीन दिवसांनी प्लेट जे सांगणार होती ते मला त्या क्षणी माहीत होते. वॉर्डच्या डॉक्टरांची खोली वीस पावलांवर होती. मी गेलो. दार उघडेच होते. तरुण डॉक्टर काहीतरी लिहीत होते. त्यांनी मान वर केली.

“येस?”

मी पांढऱ्या कोटात होतो. बोलायचे वाक्य तयार होते. मी ते वाटेत दोनदा जुळवले होते. “सर,” मी म्हणालो, “भेटीची वेळ काय आहे?”

ते क्षणभर माझ्या कोटाकडे पाहत राहिले. “तुम्ही लॅबमधले ना? दारावर लिहिले आहे.”

मी आभार मानले आणि दारावर काय लिहिले आहे ते वाचले.

त्यानंतर तीन दिवस मी माझे काम अत्यंत काटेकोरपणे केले. दादांचा नमुना सहकाऱ्याच्या ट्रेमध्ये आला होता. क्रमांक आणि वॉर्ड पाहून मी तो स्वतःकडे घेतला. कडी जाळावर लाल करून थंड केली, थेंब पसरला. दुसऱ्या दिवशी टिकल्या चिमट्याने सारख्या अंतरावर ठेवल्या. इतकी नेटकी प्लेट मी क्वचितच केली असेल. दोन्ही संध्याकाळी दादांकडे गेलो. ताप तसाच होता. लघवी दर दिवशी कमी होत होती. ते माझ्याशी टँकरविषयी बोलत. आता तो कोण चालवतो, त्याला पहिल्या गिअरचा अडथळा माहीत असेल का, याची त्यांना चिंता होती. मी “असेल” म्हणे.

तिसऱ्या सकाळी मी प्लेट उजेडाकडे धरली. सहा टिकल्यांपैकी चार टिकल्या सायीत बुडाल्या होत्या. एका इंजेक्शनच्या टिकलीभोवती वर्तुळ होते आणि एका नव्या, तेव्हा नुकत्याच आलेल्या कॅप्सूलच्या टिकलीभोवती लहानसे. मी मोजपट्टी तीनदा लावली. विभागप्रमुख मागे येऊन उभे राहिले होते, ते मला कळले नाही.

“हा माणूस कोण आहे?” त्यांनी विचारले.

“एक ड्रायव्हर आहे, डॉक्टर.”

“ह्याने आयुष्यात पुष्कळ औषधे घेतली आहेत.” ते प्लेट फिरवून पाहत होते. “कुठून घेतली असतील?”

त्यांच्या आवाजात आरोप नव्हता. त्यांना खरोखर जाणून घ्यायचे होते. मी सांगितले असते तर त्यांनी मला खुर्चीवर बसवून ऐकले असते, असे आता वाटते.

“आय डोन्ट नो, डॉक्टर,” मी म्हणालो.

त्यांनी प्लेट खाली ठेवली. “यल्ला, रिपोर्ट लगेच वर पाठवा.”

मी रिपोर्ट लिहिला. औषधांच्या नावांपुढे चार वेळा ‘आर’, म्हणजे औषध निकामी, असे लिहिले. अक्षर नेहमीसारखेच आले.

नव्या इंजेक्शनने दोन दिवसांत ताप उतरला. पण एक्स-रेमध्ये दिसले की डाव्या मूत्रपिंडात खडा अडकलेला आहे आणि उजवे आधीच आकसलेले आहे. जे गेले ते परत आले नाही. ज्या इंजेक्शनने जंतू आवरले, तेही दुबळ्या मूत्रपिंडांना जड जाणारे होते. वॉर्डच्या डॉक्टरांनी ते मोजूनमापून दिले, दुसरा इलाज नव्हता. तीन दिवस आधी सुरू झाले असते तर काय झाले असते, हे मला कुणी विचारले नाही. मी मात्र हे गणित इतक्या वर्षांत इतक्या वेळा केले आहे की त्याचे उत्तर दर वेळी वेगळे येते, आणि त्यातले कुठलेही उत्तर मला उपयोगाचे नाही.

महिन्याभराने दादांना घरी सोडले. त्यांच्या कंपनीने त्यांना कामासाठी अपात्र ठरवून परतीचे तिकीट काढले. रुग्णालयाने त्या नव्या कॅप्सूल चौदा दिवसांच्या दिल्या होत्या. विमानाला आठ दिवस होते. ते आठ दिवस दादा खोलीत होते. चेहरा सुजलेला, पायांवर बोट दाबले की खळगा राही. तरी सकाळी ते आमच्यासाठी चहा करीत.

मी त्यांना म्हणालो, “दादा, वेळेवर घेत जा कॅप्सूल.”

“व्हय, व्हय.”

किती दिवस, ते मी म्हणालो नाही. ते म्हटले असते तर आधी का म्हटले नाही, हेही सांगावे लागले असते.

विमानतळावर आम्ही दोघे सोडायला गेलो. फिटरने त्यांची बॅग उचलली होती. “ड्रायव्हरसाहेब,” तो म्हणाला, “इमानात तरी भरपूर पाणी पिया आणि मुताक जावा. थंय नंबर जाणा नाय.”

दादा मोठ्याने हसले. हसताना त्यांना धाप लागली. “येतो मी परत, इन्शाल्ला. माझी खाट कुनाला देऊ नगा.” माझ्याकडे वळून ते म्हणाले, “डाक्टर, तुमचे लई उपकार झाले.”

तीनेक आठवड्यांनी मला डोकेदुखीसाठी गोळी हवी होती म्हणून मी डबा उघडला. आत, सगळ्यांत वर, लघवीच्या जळजळीचे माझे जुने पाकीट होते, आणि ते फुगलेले होते. मी ते हातावर रिकामे केले. त्या नव्या कॅप्सूल होत्या. चाळीस. त्यांनी चार दिवस घेतल्या होत्या. जळजळ थांबली होती. पाकिटावर लिहिले होते तसे त्यांनी केले होते, आणि उरलेल्या आमच्यासाठी ठेवून गेले होते.

फिटर दारात उभा होता. “काय झाला?” त्याने विचारले. मी कॅप्सूल दाखवल्या. त्याला त्यातले काही कळण्यासारखे नव्हते. “मेल्यान सगळ्या ठेवल्यान आमच्यासाठी,” तो म्हणाला, आणि त्याचे डोळे भरून आले. तो आत निघून गेला.

त्याच आठवड्यात दादांच्या मुलीचे पत्र आले. ती दहावीत होती. अक्षर टपोरे होते. वडिलांना पुन्हा थंडी-ताप सुरू झाला आहे, साताऱ्याला नेले आहे, तिकडच्या डॉक्टरांनी रुग्णालयाचा कागद पाहून त्याच कॅप्सूल चालतील असे सांगितले आहे, पण त्या इकडे कुठे मिळत नाहीत. ‘वडील म्हणतात, डॉक्टरकाकांना लिही, ते पाठवतील. त्यांच्याकडे डबा आहे.’

पत्राला यायला पंधरा दिवस लागले होते. आम्ही रजेवर जाणारा माणूस शोधला. त्याला जायला आणखी नऊ दिवस होते. चाळीसच्या चाळीस कॅप्सूल मी प्रयोगशाळेतल्या नव्या पाकिटात घातल्या, आणि त्यावर मोठ्या अक्षरात लिहिले: ‘सर्व कॅप्सूल संपेपर्यंत घ्याव्यात.’ ते वाक्य मी प्रथमच लिहीत होतो.

दुसरे पत्र दिवाळीनंतर आले, त्याच टपोऱ्या अक्षरात. वडील गेले, हे तिने पहिल्याच ओळीत लिहिले होते. औषध पोहोचले त्याच्या सहा दिवस आधी. दिवसकार्य व्यवस्थित झाले. आईने तुम्हाला आणि मालवणच्या काकांना नमस्कार सांगितला आहे. खाली, जागा उरली म्हणून लिहिल्यासारखे, आणखी काही होते:

‘तुम्ही पाठवलेले औषध वाया गेले नाही. शेजारच्या काकूंना तोच त्रास होता, आईने त्यांना दिले. दोनच दिवसांत गुण आला. बाकीच्या कॅप्सूल त्यांनी परत आणून दिल्या, त्या आम्ही जपून ठेवल्या आहेत. वाडीत कुणालाही लागल्या तर होतील.’

मी त्याच दिवशी उत्तर लिहिले. आधी कच्चे लिहिले, कारण मी सगळेच आधी कच्चे लिहितो. त्यात सांत्वनाची चार वाक्ये होती. दादा आमच्यासाठी चहा करीत, याचा उल्लेख होता. आणि शेवटी ते एक वाक्य होते, की त्या कॅप्सूल कुणालाही अर्ध्यामुर्ध्या देऊ नका, एकाने घेतल्या तर त्यानेच सगळ्या घ्याव्यात, आणि पाकिटावर मी तसे लिहिलेले आहे.

मग मी पत्र पक्के केले. चांगला कागद घेतला, समास आखला. शेवटच्या वाक्यापाशी आलो तेव्हा, वडील जाऊन महिनाही न झालेल्या मुलीला सांत्वनाच्या पत्रात औषधाच्या सूचना देणे बरे दिसणार नाही, असे मला वाटले. ते वाक्य मी उतरवून घेतले नाही. खाली सही केली आणि सकाळी पत्र टाकले.